बिराप्पाअण्णांचा ससा

उशीर का झाला, या प्रश्नाला शाळेतल्या मुलांची उत्तरं ठरलेली असतात. आईनं उठवलं नाही, पोटात दुखत होतं, पाहुणे आले होते. कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात एका मराठी शाळेत मी रुजू झाले, त्याच्या चौथ्याच दिवशी तिसरीतली सात पोरं दप्तरं सावरत दारात उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "शिकारीला गेलतो, बाई."

सातही जणांच्या कपड्यांना कुसळं चिकटलेली, गुडघे मातीनं माखलेले आणि तोंडावर अपराधीपणाचा मागमूस नाही. काय मारलंत, असं मी विचारलं. त्यावर त्यातली सगळ्यात बारकी मुलगी पुढं झाली आणि तिनं मला समजावून सांगितलं, की मारलं काही नाही, वारा फिरला.

हा वारा ज्यांच्या सांगण्यावरून फिरायचा ते बिराप्पाअण्णा माझे शेजारीच निघाले. सत्तरी ओलांडलेला उंच, वाळका माणूस. डोक्याला पांढरा पटका आणि कमरेला गुंडाळलेली गोफण. ती गोफण ते झोपतानाही सोडत नसत, असं त्यांची बायको गंगव्वा सांगायची, आणि सांगताना कपाळावर हात मारून घ्यायची. त्यांच्या वडिलांच्या काळी घरात दोनशे मेंढरं होती. आता चार शेळ्या, तुरीचं थोडं रान आणि मेंढरं कोंडायचं एक जुनं जाळं एवढंच उरलं होतं. त्या जाळ्याला ते वाघूर म्हणत आणि देवघरातल्या टाकांइतकंच जपत.

पूर्वी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव कुत्री घेऊन माळावर पारधीला जायचं. पोराला सातवं लागलं की कपाळाला भंडारा लावायचा, हातात जाळ्याची मेख द्यायची आणि रांगेत उभं करायचं. जे जाळ्यात पडेल त्याचे सारखे वाटे व्हायचे. मारणाऱ्याला जेवढा वाटा तेवढाच नुसता ओरडणाऱ्यालाही, आणि कुत्र्यालाही. कायद्यानं शिकार बंद झाली तशी गावानं पारध सोडली. बिराप्पाअण्णांनी मात्र सोडली नाही. पाडव्याची वाट न बघता ते आठवड्यातून दोनतीनदा सकाळी पोरं गोळा करून बिरोबाच्या टेकाडावर जाऊ लागले. पूर्वी मुलींना नेत नसत, अण्णा नेत. मुलींना जास्त दिसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

तिथं काय चालायचं ते मला हळूहळू कळत गेलं. आधी अण्णा चिमूटभर माती हवेत सोडायचे आणि ती कुणीकडं जाते ते पोरांना विचारायचे. मग सगळ्यांनी वाऱ्याच्या तोंडाला बसायचं. हुकूम सगळे कन्नडमध्ये. "सुम्म" म्हणलं की गप्प. मराठीत का नाही, तर आपल्या भागातल्या सशांना मराठी कळतं. आणि मग तासभर त्यांचा एकच प्रश्न: "काय दिसायलंय?"

कुणी म्हणालं झाड, तर अण्णा चिडत. नुसतं झाड म्हणून कसं भागेल? कसलं, किती पावलांवर, सावली कुठं पडलीय, बुंध्याला कोण, फांदीवर कोण, आणि फांदीवरच्याचं तोंड कुणीकडं? पोरानं हे सगळं सांगितलं की अण्णा मान डोलवायचे आणि पुढच्याला विचारायचे. ससा दिसला की कमरेची गोफण सुटायची, दगड भरला जायचा, पोरांचे श्वास अडकायचे. मग अण्णा परत चिमूटभर माती सोडत आणि म्हणत, "फिरला की रे वारा. चला." मी त्या गावात होते तेवढ्या वर्षांत हा वारा एकदाही फिरायचा चुकला नाही.

मला या प्रकाराचा राग होता, हे कबूल करायला हवं. कोवळ्या पोरांना जीव मारायला शिकवायचं, तेही शाळेच्या वेळात, हे मला पटण्यातलं नव्हतं. एके दिवशी छत्री घेऊन मी तरातरा टेकाडावर गेले. अण्णा पोरांच्या मधोमध दगडावर बसलेले. मी अगदी समोर जाऊन उभी राहिले, आणि आता काय बोलतात बघू म्हणून मुद्दाम गप्प राहिले. सगळी पोरं थिजली. अण्णा माझ्याकडं तोंड करून शांतपणे म्हणाले, "काय दिसायलंय?"

एका पोरानं ओठ न हलवता सांगितलं, "बाई."

"किती लांब?"

"दहा पावलं."

"तोंड कुणीकडं?"

"आपल्याकडंच. हातात छत्री हाय. रागात हैत."

"वारा?"

"आपल्याकडनं बाईंकडं."

"मग वास लागला," अण्णा म्हणाले. "आता पळून उपयोग न्हाई. रामराम, बाई."

मी माझ्या तोंडावर माझी अशी थट्टा आजवर कुणाकडून ऐकून घेतली नव्हती. संतापून खाली आले आणि वरिष्ठांना पाठवायचा तक्रारीचा अर्ज लिहायला घेतला. तो अर्ज अर्धाच राहिला, कारण त्याच दुपारी मी निबंधाच्या वह्या तपासायला बसले. दरवर्षी चाळीस मुलं मला गाय हा उपयुक्त प्राणी असल्याचं कळवतात. त्या दिवशी टेकाडावरच्या एका पोरानं लिहिलं होतं, की आमच्या गाईचं डावं शिंग उजव्यापेक्षा बोटभर आखूड आहे आणि पाणी पिण्याआधी ती पाण्यावर एकदा फुंकर मारते. मी पंधरा वर्षं भाषा शिकवत होते, माझ्या हाताखाली असं वाक्य एकाही मुलानं लिहिलं नव्हतं. अर्ज फाडला आणि शिकारीची वेळ तेवढी शाळेआधीची करून घेतली.

शिकारीच्या बातम्या जंगल खात्याच्या गार्डाच्या कानावर गेल्याशिवाय राहणार नव्हत्या. नागप्पा नावाचा हा गार्ड तरुण होता, नोकरी नवी होती आणि अंगात उत्साह होता. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मुद्देमालासकट पकडायचं असं ठरवून तो पहाटेच आला, मोटारसायकल निंबर्ग्याच्या रस्त्यालाच ठेवली आणि तरवडाच्या झुडपात दबा धरून बसला. अण्णांनी वर्षातून एकदा निघणारी वाघूर त्याच झुडपांमागं लावली होती. मेंढरं कोंडायचं जाळं ते, त्याची भोकं एवढी मोठी, की त्यातून ससा शेपूट वर करून गेला असता. पलीकडून पोरं पत्र्याचे डबे बडवत निघाली. अचानक उठलेल्या त्या कोलाहलानं नागप्पा दचकला, उठला, उलट दिशेनं पळाला आणि ससा जिथं अडकला नसता तिथं पुरता अडकला.

अण्णा दगडावरून उठले नाहीत. काय पडलं ते त्यांनी रीतसर विचारून घेतलं. गार्डसाहेब पडलेत, आडवे पडलेत, टोपी लांब उडालीय, हे सगळं ऐकल्यावर ते बराच वेळ विचारात पडले. सत्तर वर्षांत असा प्रसंग आला नव्हता, पण रीत ती रीत. जाळ्यात पडलं ते सगळ्यांचं. गार्डाचे वाटे घालता येत नव्हते, म्हणून त्याच्या पिशवीतल्या भाकरीचे आणि शेंगाच्या चटणीचे घातले. चौदा पोरं, दोन कुत्री, स्वतः अण्णा, आणि हजर होता म्हणून नागप्पा. आपल्याच भाकरीचा बोटभर तुकडा हातात घेऊन तो माणूस जाळ्यात बसला होता. आधी तो कायद्याची कलमं सांगत होता, मग पोरांकडं बघून त्याला हसू आलं. पुढच्या वर्षी स्वतःच्या मुलीला तो अण्णांकडं आणून सोडू लागला, तेवढं डबे बडवायला लावू नका म्हणाला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना भाग्या आली. भाग्या म्हणजे अण्णांच्या मुलाची मुलगी, कलबुर्गीला राहायची, नऊ वर्षांची, परीक्षा संपवून पाडव्याच्या दहाबारा दिवस आधीच आलेली. बापाचा जुना मोबाइल तिच्याकडं होता आणि त्यात शिकारीचे कार्यक्रम भरलेले होते. परदेशातला एक दाढीवाला माणूस ठिपक्याठिपक्यांचे कपडे घालून झाडीत बसतो, कॅमेऱ्याकडं बघून कुजबुजतो, दुर्बीण लावलेल्या बंदुकीनं हरीण मारतो, मग सोबत्यांना मिठ्या मारतो आणि मेलेल्या हरणाची मान शिंगांनी वर धरून फोटो काढतो. भाग्या दर दिवशी दोन भाग दाखवायची. ओसरीवर पंचवीस पोरं जमायची.

आठ दिवसांत गावातली शिकार बदलली. दबा धरताना दिसू नये म्हणून पोरांनी गणवेशाला शेण फासलं, आणि त्यांच्या आया शाळेत येऊन माझ्याशी भांडल्या. माझ्या वर्गात हजेरी घेताना मुलं "हजर" असं कुजबुजून म्हणू लागली. एक जण अण्णांच्या झोपलेल्या शेळीवर पाय ठेवून फोटो काढून घ्यायला गेला. फोटो निघायच्या आत शेळी उठली. तो पोरगा चार दिवस लंगडत होता, पण लंगडतानाही ऐटीत होता.

अण्णाही हे कार्यक्रम बघायचे, पण मोबाइल कानाला लावून. म्हाताऱ्या माणसाची एक तऱ्हा, असं समजून मी त्याकडं लक्ष दिलं नाही. त्यांचं मत स्पष्ट होतं. "ह्यो माणूस लई बोलायलाय," ते म्हणायचे. "एवढं बोलल्यावर हरीण थांबतंच कसं? बहिरं असंल."

एका संध्याकाळी मीही ओसरीवर होते. मोबाइलमधून बार ऐकू आला आणि माणसांचा जल्लोष सुरू झाला. आता काय करायलेत, अण्णांनी विचारलं. फोटो काढायलेत, भाग्या म्हणाली, मेलेल्या हरणासंगं. अण्णा म्हणाले, "त्याच्या तोंडात पाणी घातलं का?"

कुणालाच काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, की त्यांचे वडील मारलेल्या जनावराच्या तोंडात आधी ओंजळभर पाणी सोडायचे आणि मग घर येईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. ओरडायचं ते मारायच्या आधी. नंतर ओरडत असतील तर त्यांना काय मारलं तेच कळलं नाही.

भाग्या लहान होती आणि शहरात वाढलेली होती. तिनं पंचवीस पोरांसमोर विचारलं, "अप्पा, तुमी कधी मारलंय का खरंच? सगळी म्हणायलेत, दरवेळी वाराच फिरतो."

पोरांच्या माना अण्णांकडं वळल्या. गंगव्वासुद्धा चुलीपुढून उठून दारात आली. अण्णांनी कमरेची गोफण चाचपली. "पारधीदिवशी बघ," ते म्हणाले. "तू बाजूला बस. तू सांग, मी मारतो. काढ तुझा फोटो."

त्यांनी शब्द दिला होता, आणि हा माणूस शब्द मोडणाऱ्यातला नव्हता. मला दोन्ही बाजूंनी धास्ती वाटू लागली. ससा मेला तर नागप्पा कितीही हसला तरी गुन्हा तो गुन्हा, या वयात म्हाताऱ्याला कोर्टाच्या फेऱ्या. नाही मेला तर नातीसमोर आयुष्यभराची इभ्रत पाण्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या घराच्या पत्र्यावर धाडकन दगड पडला. मग दुसरा. तिसऱ्याला मी बाहेर धावले. परसात अण्णा गोफण घेऊन उभे होते आणि कुंपणावर मडकं पालथं घातलेलं होतं. मडकं पूर्वेला होतं, माझं घर पश्चिमेला. मी काही न बोलता त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, नेहमीप्रमाणे शांतपणे, आणि म्हणाले, "कोण हाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. टेकाडावर मी दहा पावलांवर उभी होते तेव्हा त्यांनी माझी थट्टा केली नव्हती. त्यांना मी खरोखरच दिसले नव्हते. मोबाइल कानाला, जाळ्यात काय पडलं याची चौकशी, काय दिसायलंय, काय दिसायलंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते आणि हा माणूस कितीतरी वर्षं गावातल्या पोरांच्या डोळ्यांनी माळ बघत होता.

मला रडू आलं आणि हसूही आलं. मी म्हणाले, "अण्णा, आळंदला डोळ्यांचं शिबिर असतं, फुकट ऑपरेशन करतात. मी स्वतः घेऊन जाते."

"नक्को, बाई," ते गोफण गुंडाळत म्हणाले. "आत्ता पोरं सांगतेत, मी ऐकतो. मला दिसाय लागलं की पोरं गप बसतील. कामून सांगतील मग? आन हे कुणाला बोलू नका. भाग्याला तर न्हाईच."

मी बोलले नाही. पारधीच्या सकाळी मात्र मुलांची जबाबदारी म्हणून सोबत गेले. खरं कारण वेगळं होतं, मला घरी बसवत नव्हतं. अण्णांनी भाग्याच्या कपाळाला भंडारा लावला, तिच्या हातात मेख दिली आणि तिला आपल्या उजव्या हाताशी बसवलं. तिनं एका हातात मेख धरली, दुसऱ्या हातात मोबाइल. बाकीची पोरं मागं. चिमूटभर माती सुटली. वारा समोरून येत होता.

अर्धा तास काही नाही. मग तरवडाच्या झुडपाखालून ससा निघाला, बारा पावलांवर, आणि बसला. मला स्वच्छ दिसत होता. त्याच्या कानांतून कोवळं ऊन पलीकडून येत होतं आणि कान लाल दिसत होते. एक पान तो इकडून तिकडं चघळत होता. भाग्यालाही तो दिसला, कारण ती एकदम ताठ झाली. मोबाइल तिनं वर उचलला, मग हळूच खाली ठेवला. मोबाइलपेक्षा डोळ्यांनीच चांगला दिसत असणार.

अण्णांनी दगड भरला. गोफणीच्या दोरीवर त्यांची बोटं आवळली. "काय दिसायलंय?"

भाग्या बोलली नाही. आठ दिवस टेकाडावर नेऊन अण्णांनी तिला नीट बघायला शिकवलं होतं आणि ती नीट बघत होती.

"भाग्या. काय दिसायलंय?"

भाग्यानं जमिनीवरची चिमूटभर माती घेतली आणि सोडली. माती सरळ तिच्याच फ्रॉकवर आली.

"काय न्हाई, अप्पा," ती म्हणाली. "वारा फिरला."

अण्णांची बोटं सैल झाली. दगड खाली पडला. त्या आवाजानं ससा दोन उड्यांत तुरीच्या रानात गेला, आणि मागच्या एकाही पोरानं तोंड उघडलं नाही. "फिरला व्हय?" अण्णा म्हणाले. "मग चला."

पाडव्याच्या उरलेल्या पुरणपोळ्यांचे वाटे झाले, कुत्र्यांसकट. फोटोही निघाला. मधे अण्णा, सभोवती पोरं, आणि अण्णांचा पाय एका मोठ्या दगडावर. तो दगड मारल्यासारखे सगळे गंभीर उभे होते.

उतरताना अण्णांनी माझा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "ससा हुता, बाई."

तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं.

"पोरीनं श्वास धरला हुता. रिकाम्या झुडपाकडं बघून कुणी श्वास धरत न्हाई." दंड न सोडता ते पुढं म्हणाले, "मी सात वर्षांचा हुतो. माझ्या बापानं असंच इचारलं, मीबी असंच सांगितलं. आमच्या घरात वारा लई फिरतो."

त्या उन्हाळ्यातच ते आपण होऊन शिबिराला तयार झाले. आता काय झालं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, पोरं खोटं सांगायला शिकली, आता तपासायला डोळे पाहिजेत. ऑपरेशन झाल्यावर पट्टी निघाली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं, आणि छत्री कुठं आहे म्हणून विचारलं.

दोन वर्षांनी माझी बदली मादन हिप्परग्याला झाली. निघाले त्या सकाळी बस बिरोबाच्या टेकाडाखाली थांबली, कुणाची तरी शेळी रस्त्यात आडवी आली होती. वर अण्णा दिसले. काळा चष्मा, पांढरा पटका, सभोवती पोरं. त्यांच्या समोरून, अगदी पंधरा पावलांवरून, एक ससा टुणटुणत निघाला होता. पोरं अजून दुसरीकडंच बघत होती. अण्णांची मान मात्र त्या सशाबरोबर हळूहळू डावीकडून उजवीकडं वळली, तो झुडपात शिरेपर्यंत. मग त्यांनी कानामागं हात धरला आणि पोरांकडं वाकून काहीतरी विचारलं. काय विचारलं ते बसमधून ऐकू यायची गरज नव्हती. पोरं सांगू लागली, बोटं दाखवू लागली, एकमेकांच्या वरचढ बोलू लागली. अण्णा सगळ्यांचं ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी चिमूटभर माती उचलून हवेत सोडली आणि नकारार्थी मान हलवली.

बस सुरू झाली. खिडकीतून वारा माझ्या तोंडावर येत होता, सकाळपासून होता तसाच, त्याच बाजूनं.